मदत हवी आहे: अभ्यासवर्ग बंद, कंपनीच्या सामाजिक निधीचा (सीएसआर) हप्ता अडकलाय, तायांचं मानधन कसं चालू ठेवू?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

सोलापुरात आमची छोटी संस्था आहे. पूर्व भागात विडी कामगारांच्या वस्त्यांमधे संध्याकाळचे ८ अभ्यासवर्ग चालवतो, प्रत्येक वर्गाला त्याच गल्लीतली एक ताई. कुणी बारावी झालेली, कुणाचं डीएड अर्धवट राहिलेलं, कुणाची सासू घरी विड्या वळते. इथे बऱ्याच घरांत बोलणं तेलुगूत आणि शाळा मराठी, त्यामुळे पहिली-दुसरीच्या पोरांना पुस्तकातलं मराठी तेलुगूतून फोड करून सांगणारं माणूस लागतं. ते काम या ताया करतात.

२०२० च्या मार्चअखेर कोविडच्या टाळेबंदीत सगळं थांबलं. विडी कारखाने बंद, म्हणजे घरी पान-तंबाखू येणं बंद, आणि मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे त्या दिवसापासून हातात पैसा नाही. आम्ही पण सगळ्यांसारखे गहू-तांदूळ वाटायला लागलो. मग तायांनीच सांगितलं की मॅडम धान्य नको, रेशनवर माणशी ५ किलो फुकट मिळतंय, केशरी कार्डवाल्यांनाही मे-जूनमधे ८ रुपयाने गहू न १२ रुपयाने तांदूळ मिळालाय, गहू घरात पडून आहे पण दळायला पैसे नाहीत, तेल नाही, आणि सासऱ्याच्या शुगरच्या गोळ्या संपून आठवडा झालाय. तेव्हा किट बदललं: तेल, मीठ, तिखट, चहा-साखर, पॅड, आणि औषधांची घरवार यादी.

एका ताईची वही माझ्यासमोर आहे आत्ता. साधी शंभर पानी, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हजेरीच्या रेघा, पोरांची नावं, बरोबरच्या खुणा. तिथून पुढे त्याच नावांसमोर तिने लिहिलंय "आजी बीपी", "आई सातवा महिना", "बाप पुण्याहून चालत आला, १४ दिवस घरात". रकाने तेच, फक्त हजेरीच्या जागी घर आलंय. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं हो. आमच्याकडचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे असं मला मनापासून वाटतं, आणि नेमका याच कामाला पैसा नाही.

वर्गांचा खर्च एक कंपनी सीएसआरमधून देते. पहिला हप्ता आला, दुसरा सप्टेंबरला यायचा होता. आता म्हणतात वर्ग बंद तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मानधन कशाचं, आणि यावर्षीचा आमचा बराच सीएसआर कोविडकडे वळवलाय. ऑनलाइन वर्ग घ्या, स्क्रीनशॉट पाठवा म्हणाले. याच ताईच्या वर्गात २६ पोरं आहेत, ९ घरांत स्मार्टफोन, तोही बाप कामाला गेला की खिशात जातो. सहा महिने पोरांच्या कानावर मराठी पडलेलं नाही, दुसरीतला मुलगा "मला वही पाहिजे" एवढं सुद्धा अडखळत बोलतोय.

तर विचारायचंय असं की कंपनीला कुठल्या भाषेत पटवू, शिक्षणासाठी आलेल्या पैशातून आम्ही जे किट दिले त्याचा हिशोब कसा दाखवायचा (संस्थेच्या घटनेत आमचा उद्देश मुख्यतः शिक्षणच आहे), आणि फोनशिवाय वर्ग सुरू करायला कुणी काय केलंय? ऑक्टोबरचं मानधन मी आणि दोन विश्वस्तांनी मिळून भरलंय, नोव्हेंबरचं माहीत नाही.

लेखापाल, पुणे: ताई, आधी घटना पूर्ण वाचा. बऱ्याच जुन्या घटनांमधे आपत्तीत मदत करण्याचं एक कलम शेवटी असतं. केंद्राने १४ मार्चलाच कोविडला आपत्ती निवारण निधीपुरती अधिसूचित आपत्ती मानलंय, त्यामुळे ते कलम सापडलं तर मोठा प्रश्न सुटला. नसेल तर "वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना मदत" असा विश्वस्तांचा ठराव करा, पण मागची तारीख टाकू नका, झालेल्या खर्चाला मंजुरी असं स्पष्ट लिहा. कंपनीकडून किटच्या खर्चाला ईमेलवर संमती घ्या, फोनवरच्या "चालेल हो" ला ऑडिटमधे अर्थ नाही. त्या खर्चाचं लेजर वेगळं काढा. आणि कंपनीला हे सांगा की कोविडचा खर्च सीएसआरमधे धरता येतो असं २३ मार्चचं परिपत्रक आहे, पण त्याने शिक्षण बाहेर पडलेलं नाही, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआरमधे चालणाऱ्या कामांच्या यादीत, ते आहे तिथेच आहे. म्हणजे "नियमात बसत नाही" हे कारण ते देऊ शकत नाहीत. परदेशी पैसा मोठ्या संस्थेमार्फत घेत असाल तर मात्र थांबा, सप्टेंबरअखेरच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालंय.

उस्मानाबादी: राग मानू नका पण मानधनाचा पैसा सरळ घरांनाच का देत नाही? माणसं उपाशी असताना शिक्षिकांचे पगार हे मला पटत नाही.

चिंचेचा पाला: वरच्यांना, ती यादी कोण करणार मग? आम्ही मुंबईत वस्तीत बाहेरचे स्वयंसेवक नेले, एकाच दारात तीन किट गेले आणि मागच्या चाळीत एकही नाही. गल्लीतलं माणूस लागतंच. मूळ प्रश्नाबद्दल: तुमच्याच नीलमनगरात एका शाळेने घरांच्या भिंतींवर धडे रंगवलेत, मुळाक्षरं, पाढे, गणिताची सूत्रं, जाऊन बघा. आम्ही ४-५ पोरांचा गट, मास्क लावून, उघड्या अंगणात पाऊण तास असं करतो, पण आधी वॉर्डात विचारलं, आणि ज्या ताईच्या घरी म्हातारं माणूस आहे तिला गटावर पाठवत नाही, तिच्याकडे फोन आणि याद्यांचं काम.

धागाकर्ती: खूप आभार. लेखापाल साहेब, घटना काढली, अकरावं कलम आहे, "दुष्काळ, पूर, साथ अशा प्रसंगी साहाय्य". वीस वर्षांत कुणी ते पान उघडलंच नव्हतं. ठराव रविवारी करतो.

उस्मानाबादी, राग नाही. पण आमच्या ८ तायांपैकी ६ जणींच्या घरी तेच मानधन एवढीच मिळकत होती उन्हाळ्यात, त्या पण त्याच गल्लीतल्या उपाशी घरांतल्याच आहेत.

नीलमनगरच्या भिंती बघितल्या काल, दोन तायांना घेऊन गेले होते. एक ताई म्हणाली आपण चित्राखाली मराठी शब्द आणि त्याचा तेलुगू उच्चार देवनागरीत लिहू, चिंच, खाली चिंतपंडू. घरमालक तयार आहेत, रंग लागेल. कंपनीला हजेरीच्या स्क्रीनशॉटऐवजी वहीच्या पानांचे फोटो पाठवायचा विचार आहे, घरांची नावं आणि आजार झाकून. कुणी असा अहवाल कंपनीला दिला असेल तर नमुना मिळेल का? सोमवारी मीटिंग आहे.