बूडिकाच्या बंडाच्या जागा: लंडनला मुक्काम ठेवून तीन दिवसांत काय बघावं?

ओसरीवरचा (प्रश्न)

इ.स. ६०-६१ मध्ये आयसेनी टोळीची राणी बूडिका हिनं ब्रिटनमध्ये रोमनांविरुद्ध बंड केलं, तो विषय धरून तीन दिवस फिरायचं आहे. मुक्काम लंडनला. गाडी चालवायची नाही, सगळं ट्रेननं. चार मोठी माणसं, त्यांतल्या एकांना गुडघ्यांमुळे फार पायऱ्या झेपत नाहीत.

कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स ही तीन शहरं बंडवाल्यांनी जाळली, एवढं वाचलं आहे. पण तिथे गेल्यावर बंडाच्या काळातलं नेमकं काय दिसतं? सहलीच्या साइटवर सरसकट 'रोमन' म्हणून सगळं एकत्र टाकलेलं असतं, त्यातून काही कळत नाही. क्रम कसा लावावा आणि काय वगळावं?

खापरवेडा

तुमची शंका बरोबर आहे. या तिन्ही शहरांत जे रोमन बांधकाम उभं दिसतं, ते जवळपास सगळं बंडानंतरचं आहे. कोल्चेस्टरचा तट आणि बाल्कर्न गेट बंडानंतर बांधलेलं. लंडनचा तट इ.स. २०० च्या आसपासचा, गिल्डहॉलखालचं अँफिथिएटर साधारण ७० सालचं, सेंट ऑल्बन्सचं नाट्यगृह १४० च्या सुमाराचं. बंडाच्या वेळी कोल्चेस्टरला तट नव्हताच. आधीच्या लष्करी छावणीचा बांध सपाट करून तिथे निवृत्त सैनिकांची वसाहत उभी केली होती, म्हणून तर गाव इतक्या सहज पडलं.

बंडाचं म्हणून जे उरलंय ते जमिनीखाली आहे: जळका थर. घरं लाकडी सांगाड्याची, भिंती कुडाच्या नाहीतर कच्च्या मातीच्या. अशी भिंत पडली की एरवी पावसात विरघळून जाते. इथे आगीत ती भाजून पक्की आणि लालभडक झाली, म्हणून टिकली. कोल्चेस्टरमध्ये हा थर काही ठिकाणी अर्ध्या मीटरपर्यंत जाड सापडतो. तो रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, त्यातून निघालेल्या वस्तू बघायच्या. म्हणजे सहलीचा निम्मा वेळ संग्रहालयांना द्यायचा, हे आधीच ठरवा.

पहिला पूर्ण दिवस कोल्चेस्टरला. कॅसल म्युझियमची इमारत अकराव्या शतकातला नॉर्मन किल्ला आहे, पण तो बसलाय सम्राट क्लॉडियसच्या देवळाच्या जोत्यावर. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की गाव पेटल्यावर सैनिक या देवळात कोंडून घेऊन दोन दिवस लढले आणि मग तेही पडलं. त्या जोत्याच्या पोटातली कमानदार तळघरं बघता येतात, पण फक्त मार्गदर्शकाबरोबर आणि वेगळं तिकीट काढून. गेल्या गेल्या काउंटरवर पुढची फेरी विचारा. आधी वरचे मजले बघत बसलात तर जागा भरतात आणि दिवसाचा मुख्य भागच हुकतो. एक लक्षात ठेवा: ही तळघरं मुळात पोकळ नव्हती. जोतं भक्कम व्हावं म्हणून भिंतींमध्ये वाळू ठासली होती. सतराव्या शतकाच्या शेवटी किल्ला पाडून दगड विकायला निघालेल्या एका व्यापाऱ्यानं ती उपसली. हे देवळाचंच जोतं आहे हे ओळखलं १९२० च्या सुमारास, मॉर्टिमर व्हीलरनं. (हो, तोच. पुढे १९४४ ते ४८ आपल्या पुरातत्त्व खात्याचा महासंचालक.)

वर दोन गोष्टींपाशी वेळ काढा. पहिली म्हणजे फेनविक खजिना. हाय स्ट्रीटवरच्या फेनविक दुकानाच्या जागेत २०१४ साली खोदताना घराच्या जमिनीत घाईनं पुरलेले सोन्याचांदीचे दागिने सापडले: कडी, अंगठ्या, कानातली, चांदीची साखळी. घर वर जळून कोसळलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. माती सुटी न करता अख्खा गोळा उचलून प्रयोगशाळेत उकलला, म्हणून कुठला दागिना कशाला लागून होता तेही कळलं. त्याच जागी करपलेले खजूर आणि अंजिरं निघाली. ही फळं भूमध्य समुद्राकडून आलेली, म्हणजे गावात पैसा किती होता बघा. काचेची भांडी वितळून खालच्या लाल भांड्यांवर ओघळलेली आहेत, तीही शोधा.

दुसरी लाँगिनस या रोमन सैन्यातल्या थ्रेशियन (आजच्या बल्गेरियाकडच्या) घोडेस्वाराच्या थडग्याची शिळा. ती १९२८ साली सापडली तेव्हा चेहरा नव्हता, आणि कित्येक वर्षं 'बंडवाल्यांनी फोडला' असं छापलं जायचं. १९९६ मध्ये त्याच जागी चेहरा सापडला. तो १९२८ च्या खणण्यातच तुटला होता. जुनी पुस्तकं अजून पहिली गोष्ट सांगतात, फसू नका.

टेम्सकाठी

लंडनचा भाग मी सांगतो. लंडन म्युझियमची लंडन वॉलवरची जुनी इमारत डिसेंबर २०२२ पासून बंद आहे, संग्रह स्मिथफील्डला हलवला जातोय. जुन्या पोस्टवर विसंबून बार्बिकनला जाऊ नका. नवीन जागेची स्थिती निघण्याच्या आठवड्यात तपासा.

सकाळी लंडन मिथ्रियम (मिथ्रस देवाचं रोमन देऊळ), कॅनन स्ट्रीटजवळ. प्रवेश फुकट, पण वेळ ऑनलाइन आरक्षित करा. सोमवारी बंद. देऊळ स्वतः तिसऱ्या शतकातलं, ते तुमच्या विषयाचं नाही. तुमचं काम वरच्या काचपेटीत आहे: ब्लूमबर्ग कंपनीच्या याच इमारतीच्या पायात सापडलेल्या लाकडी पाट्या. पाटीवर मेण असायचं, त्यावर लोखंडी टोकानं लिहायचं. मेण गेलं, पण खाली लाकडावर उमटलेले ओरखडे वाचता आले. एकीवर २१ ऑक्टोबर ६२ ही तारीख आहे आणि वेरुलामियमहून (म्हणजे सेंट ऑल्बन्सहून) लंडनला मालाचे २० बोजे १३ नोव्हेंबरपर्यंत पोचवण्याचा करार आहे. दोन्ही गावं जळून दोन वर्षंही झाली नव्हती आणि व्यापारी तारखा ठरवत होते. पाट्या लहान आहेत, अक्षरं उघड्या डोळ्यांना लागत नाहीत, शेजारचं रेखाटन बघून मग पाटी बघा.

दुपारी ब्रिटिश म्युझियम, दालन ४९ आणि ५०. हेही फुकट, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं. ४९ मध्ये क्लासिसियानसचं स्मारक आहे. बंडानंतर आलेला हा खजिनदार. रोमन सेनापती पॉलिनस सूड घेत सुटला होता, तेव्हा 'असं केलंत तर बंड थांबणार नाही' असं यानं रोमला कळवलं. शिळेचे तुकडे टॉवर हिलजवळ १८५२ आणि १९३५ मध्ये असे दोनदा सापडले, कारण तिचे दगड नंतर तटाच्या बुरुजात वापरले होते. सफोकमधल्या आल्ड नदीत १९०७ साली सापडलेलं सम्राटाच्या पुतळ्याचं ब्राँझचं डोकंही इथेच, ते बंडात तोडलं असावं असं मानतात. मान कशी उचकटून तोडलीय ते मागून जाऊन बघा. ५० मध्ये स्नेटिशॅमचं सोन्याचं गळ्यातलं आहे, आपल्याकडच्या सरीसारखं कडक, पण ६४ तारांचा पीळ आणि वजन किलोभर. ते बंडाच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचं, पण आयसेनींच्याच मुलखातलं.

वगळा: किंग्ज क्रॉस स्टेशनच्या फलाटाखाली बूडिकाची कबर आहे ही निव्वळ दंतकथा. हॅम्पस्टेड हीथवरचा 'बोअडिसियाचा (बूडिकाचंच जुनं रूप) टेकाडा' १८९४ साली खणला होता, काही निघालं नाही. वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा तिचा रथातला पुतळा (१९०२) जाता जाता बघा, फोटो छान येतो. रथाच्या चाकांना लावलेल्या कोयत्यांना मात्र पुरावा नाही.

खापरवेडा

वरच्यात एक भर. लंडनमध्ये खोदताना लाल जळका थर लागला की तो बूडिकाचाच असं नसतं. इ.स. १२० च्या दशकात तिथे दुसरी मोठी आग लागली, तिचाही तसाच थर आहे. कुठला कुठला हे त्यातल्या खापरांवरून आणि नाण्यांवरून ठरवतात. लंडनमधल्या वॉलब्रुक ओढ्यातल्या कवट्याही पूर्वी बंडात मेलेल्यांच्या म्हणून दाखवायचे, त्या बहुतेक नंतरच्या निघाल्या.

रुळावरून

आता ट्रेन आणि गुडघे.

कोल्चेस्टर: लिव्हरपूल स्ट्रीटहून साधारण तासाभरात. मुख्य स्टेशन गावाच्या उत्तरेला खाली आहे, किल्ल्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चढ. गुडघ्यांसाठी बस किंवा टॅक्सी घ्या, नाहीतर कोल्चेस्टर टाउन या छोट्या स्टेशनवर उतरा, ते गावात आहे. किल्ल्याच्या वरच्या मजल्यांना लिफ्ट आहे, तळघरात मात्र पायऱ्याच. एकजण वर खजिन्यापाशी थांबेल असं आधीच ठरवा. या मार्गावर रविवारी दुरुस्तीमुळे गाडीऐवजी बस देण्याचे प्रकार होतात आणि तासाचे दोन तास होतात. कोल्चेस्टर शनिवारी किंवा आठवड्यात ठेवा.

सेंट ऑल्बन्स: सेंट पँक्रसहून थेम्सलिंकनं वीसेक मिनिटं. सेंट ऑल्बन्स सिटी स्टेशनपासून वेरुलामियम संग्रहालय अडीच-तीन किलोमीटर. जाताना उतार म्हणून लोक चालत जातात, येताना तोच चढ अंगावर येतो. येताना टॅक्सी. वाटेत कॅथेड्रल लागतं, त्याच्या मनोऱ्याच्या विटा रोमन गावातून उचलून आणलेल्या आहेत.

तिघे ते नऊ मोठे एकत्र असाल तर ग्रुपसेव्हनं गर्दीबाहेरच्या वेळी एक तृतीयांश सूट मिळते. कार्ड लागत नाही, तिकीट काढताना निवडावं लागतं. चौघंही एकाच गाडीत हवेत. सकाळच्या गर्दीच्या गाडीला ही सूट चालत नाही.

ओसरीवरचा

खूप उपयोगी. सेंट ऑल्बन्सला बंडाचं नेमकं काय बघायचं? आणि शेवटची लढाई झाली ती जागा किंवा नॉरिच यांतलं काही बसवता येईल का?

खापरवेडा

सेंट ऑल्बन्सला नाट्यगृहाच्या आवारात जा. तिकीट संग्रहालयापेक्षा वेगळं, रस्ता ओलांडून पलीकडे. नाट्यगृहाशेजारी दुकानांच्या रांगेचा आराखडा जमिनीवर दिसतो. पुरातत्त्वज्ञ शेपर्ड फ्रेअरनं १९५५ ते ६१ मध्ये गावात खणलं तेव्हा कळलं की इथली पहिली लाकडी दुकानं इ.स. ४९-५० च्या सुमाराची, त्यांत धातूकाम चालायचं, बंडात ती जळली आणि पुढची पंधराएक वर्षं जागा पडीक राहिली. लंडनचा व्यापार लगेच उभा राहिला, इथल्या दुकानदारांना जमलं नाही. कोल्चेस्टरसारखा माल इथल्या जळक्या थरात सापडत नाही, लोक चीजवस्तू घेऊन आधीच निघून गेले असावेत. बागेतलं जमिनीखालून तापवायच्या खोलीचं दालन फुकट आहे, पण ते बरंच नंतरचं. वेळ उरला तरच. व्हीलर पतिपत्नींनी १९३० ते ३३ याच गावात खणलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकळियाही विद्यार्थीदशेत इंग्लंडमध्ये व्हीलरच्या हाताखाली शिकले, पण ते डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्याच्या खोदकामावर.

लढाईची जागा नक्की नाही. टॅसिटस फक्त अरुंद खिंड, मागे रान आणि पुढे मोकळं मैदान एवढंच सांगतो. वॉरिकशायरमधल्या मॅन्सेटरला बरीच मतं पडतात, पण दावेदार आणखी आहेत. तिथे बघायला शेतं आणि ए-५ हा रोमन रस्ता. तीन दिवसांत एक दिवस त्यावर घालवू नका. त्या बाजूला जायचंच तर कव्हेंट्रीजवळचा लंट किल्ला बरा. बंडाच्या सुमारासच बांधलेली छावणी, लाकडी दरवाजा मूळ जागी पुन्हा उभारला आहे आणि घोडे फिरवायचं गोल रिंगणही. ठरावीक दिवशीच उघडतात, तारीख बघूनच निघा.

नॉरिच (आयसेनींच्या मुलखातलं शहर) कोल्चेस्टरच्याच मार्गावर पुढे, लंडनहून दोन तासांच्या आत-बाहेर. तिथल्या कॅसल म्युझियममध्ये आयसेनींच्या वस्तू आहेत आणि बंड रोमनांच्या नव्हे, त्यांच्या बाजूनं मांडलंय. तीन दिवसांत बसवायचं तर सेंट ऑल्बन्स लंडनच्या दिवशी सकाळी उरका, मिथ्रियम दुपारी घ्या, ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी संध्याकाळी. मग तिसरा दिवस मोकळा. गावाबाहेर वेंटा आयसेनोरमचे तट आहेत. बंडानंतर रोमनांनी आयसेनींसाठी वसवलेलं गाव, तट त्याहून नंतरचे. जागा उघड्या माळावर आहे, फुकट, पण वाट गवताची आणि ओली. गुडघेवाल्यांना शहरातच ठेवा.