सेव्ह उडाला म्हणून कंट्रोलर आपटला. दोष हाणामारीचा की अर्धवट गेमचा?

मिरजकर:
आधी गेल्या रविवारी रात्री काय झालं ते सांगतो. आठवीच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेऊन तीन महिन्यांत पैसे साठवले आणि चार हजारांची एका नव्या गेमची डिस्क घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्याच्यावरच जाईल. ४१ तास खेळून झाल्यावर किल्ल्याच्या दाराशी माझं पात्र कमरेपर्यंत जमिनीत रुतलं. पुढे जाईना, मागे येईना. बंद करून पुन्हा लावला तर सेव्ह फाइल, म्हणजे तोवरचा सगळा खेळ साठवलेली फाइल, खराब असल्याचा मेसेज आला. मी कंट्रोलर फरशीवर आपटला. डावी स्टिक निखळून कपाटाखाली गेली.

आई धावत आली. तिला दिसला पडद्यावरचा तलवारवाला आणि समोर थरथरणारा मुलगा. म्हणाली, "हे खेळूनच तू असा झालायस." तेव्हापासून कन्सोल (गेमचं यंत्र) कपाटात आहे आणि किल्ली तिच्या कनवटीला. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पब्जी खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी पकडलं होतं, ती बातमी तिला अजून पाठ आहे. माझं डोकं मोडक्या गेमने फिरलं असं मला वाटतं. पण स्वतःला वाचवायला तर मी असं म्हणत नाही ना? कुणाला नीट माहिती आहे का?

जुनी_कॅसेट:
आईंची भीती आजची नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' या हाणामारीच्या गेमवरून सुनावणी झाली, पुढच्याच वर्षी गेमवर वयाचे शिक्के आले. हिंसक गेम मुलांना विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. अर्धवट माल बाजारात आणणंही जुनंच. अटारी कंपनीचा 'ई. टी.' हा गेम १९८२ चा नाताळ गाठायचा म्हणून पाचेक आठवड्यांत उरकला होता. न खपलेल्या कार्ट्रिज (गेमच्या डब्या) न्यू मेक्सिकोत पुरल्या, त्यातल्या काही २०१४ मध्ये उकरून काढल्या. तेव्हा पॅच, म्हणजे नंतर पाठवायची दुरुस्ती, नव्हता. जे छापलं ते कायमचं.
कंट्रोलर मात्र तू आपटलास, ते तुझ्याकडेच राहणार.

रात्रपाळी:
मित्रा, मी सहा वर्षं पुण्यात गेम टेस्टिंग करतोय. तुझं पात्र रुतलं ना, तसलीच जागा शोधण्याचा मला पगार मिळतो. एकेका भिंतीच्या कोपऱ्यात पात्र घुसवायचं, उडी मारायची, वळायचं, पुन्हा घुसवायचं. मागे एका दारापाशी सलग दोन दिवस मी एवढंच केलं. सापडलं की व्हिडिओसकट रिपोर्ट टाकायचा. कितीदा तरी त्यावर 'माहीत आहे, नंतर बघू' असा शेरा पडून येतो, कारण तारीख ठरलेली असते. म्हणून "टेस्टर झोपले होते का?" असं कुणी लिहिलं की फार लागतं.

'सायबरपंक २०७७' हा गेम आठव. एप्रिल २०२० ची तारीख तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबरला आला. परीक्षण करणाऱ्यांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली होती. जुन्या कन्सोलवर तो किती रखडतो ते लोकांना पैसे मोजल्यावर कळलं. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. परत आला तो २०२१ च्या जूनमध्ये. त्या जानेवारीत कंपनीच्या सहसंस्थापकांनी माफी मागितली. खेळणाऱ्यांना आलेल्या बऱ्याच अडचणी कंपनीच्या टेस्टिंगमध्ये दिसल्या नव्हत्या, असंही ते म्हणाले. आमच्या टेबलावर त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. नंतरच्या पॅचेसनी गेम खरोखर सुधारला, पण पहिल्या दिवशी पैसे देणाऱ्याचं काय?

आता तुझा मूळ प्रश्न. ऑक्सफर्ड आणि रोचेस्टरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. 'हाफ-लाइफ २' हा गोळीबाराचा गेम घेऊन एका आवृत्तीत शत्रू रक्तबंबाळ होऊन मरतील आणि दुसरीत नुसते नाहीसे होतील असं केलं. काहींना बटणं आधी शिकवली, काहींना नाही. ज्यांना खेळता येईना त्यांच्यात रागाची भावना जास्त निघाली, मग रक्त असो वा नसो. ठोकळे जुळवायच्या 'टेट्रिस'मध्ये मुद्दाम न बसणारे ठोकळे पाठवले तरी माणसं चिडली, आणि 'टेट्रिस'मध्ये कसली आलीय हिंसा! तेव्हा तू बहाणा करत नाहीयेस. पण हा राग खेळ संपता संपता मोजलेला आहे. माणूस कायमचा तसा होतो असं त्यातून निघत नाही आणि कंट्रोलर आपटायला परवानगीही मिळत नाही.

पुढच्या वेळी प्रीऑर्डर करू नकोस, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरू नकोस. तुझ्याच कन्सोलवर दुसरं कुणी खेळलेलं बघ, मग पैसे काढ.

दोन_मुलांची_आई:
संशोधन वाचलं, पटलंही. पण बाळा, ४१ तास किती दिवसांत झाले ते लिहिलं नाहीस. माझा मोठा पहाटे दोनपर्यंत बसायचा आणि सकाळी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायचा. तो राग तलवारीचा नव्हता, बगचाही (गेममधल्या बिघाडाचाही) नव्हता. जागरणाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय, त्यातही खेळावर ताबा न राहणं हे लक्षण आहे. तू किल्ली मागण्याआधी आईला आकडा सांग.

मिरजकर:
ताई, नऊ दिवस. लिहिताना लाज वाटली म्हणून गाळलं होतं.

काल आईला आकडा सांगितला आणि रात्रपाळी दादांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. टेस्टरला दोन दिवस एकाच दारापाशी ठेवतात हे तिला खरंच वाटेना. मग मी मोबाइलवर त्याच रुतलेल्या जागेचे दुसऱ्यांनी टाकलेले व्हिडिओ लावले. तीन पाहिल्यावर म्हणाली, "म्हणजे विकतानाच बिघडलेला होता? मग मिक्सरसारखा परत का नाही केलास?"

मला हे सुचलंच नव्हतं. बिल तिनेच शोधलं, लाइट बिलांच्या फाइलमध्ये होतं. उद्या दुकानात ती बरोबर येतेय, नाही ऐकलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार आहे. नव्या स्टिकचे पैसे शिकवणीतून मीच द्यायचे. किल्ली परीक्षेनंतर.