बाळाच्या हातापायाचं जे करतात त्याला म्हणायचं काय? ठसा, साचा की अजून काही?

साखरझोप:
लेक साडेचार महिन्यांची झाली, काल दुपारी ती गाढ झोपलेली असताना तिच्या पायाचं ते घरीच केलं, म्हणजे आधी अल्जिनेटमध्ये (पाण्यात कालवली की घट्ट होते ती पावडर) पाऊल बुडवलं, मग त्या खळग्यात पीओपी ओतलं. सासूबाईंना फोटो पाठवताना अडले. 'ठसे घेतले' लिहिलं तर म्हणाल्या, अगं शाई कुठून आणलीस? 'साचा केला' म्हणावं तर साचा फोडून कचऱ्यात गेला, हातात उरलंय ते पांढरं पाऊल. 'बाळाचे पाय बनवले' हे तर वाचतानाच कसंतरी होतं. बरोबर शब्द कोणता?

पेणवाला:
साचा म्हणजे पोकळ भाग, आतून उलटा असलेला. त्यातून निघते ती मूर्ती, कारखान्यात 'आज किती निघाल्या' एवढंच विचारतात. पण रबरी साच्यातून मूर्तीमागून मूर्ती निघत राहते, सगळ्या सारख्या, साचेबंद म्हणतो ते असंच. तुमचा साचा एका पावलात संपला, त्याला साचा म्हणायला आमचा हात धजत नाही.

उंबरठा:
ठसा म्हणजे दाबून उमटलेलं. शाडूच्या चकतीत पाऊल दाबलं असतंत तर खुशाल ठसा म्हणा. शब्द मोठा गमतीचा आहे, ज्याने उमटवतात तोही ठसा (नाण्याचा) आणि जो उमटतो तोही ठसा (अंगठ्याचा). ठसठशीत कुंकू, मनावर ठसणं, सगळं एकाच घरातलं. आणि गोकुळाष्टमीला आपण तांदळाच्या पिठात मूठ बुडवून टेकवतो, वर बोटाने पाच ठिपके देतो, की झालं बाळकृष्णाचं पाऊल! म्हणजे पाय नसतानाही पावलाचा ठसा निघतो.

कवळीताई:
आमच्या दवाखान्यात हेच अल्जिनेट रोज कालवते, समुद्री शेवाळापासून करतात. पेशंट ठसा पण म्हणत नाहीत आणि साचा पण नाही, सरळ 'दाताचं माप द्यायला आलोय' म्हणतात 😀 थंड पाण्यात कालवलं तर सावकाश घट्ट होतं, कोमट घेतलंत तर चमचा फिरवेपर्यंत गोळा. आणि नुसतं ठेवलं की सुकून आकसतं म्हणून पीओपी लगेच ओतायचं. विषय शब्दांचा आहे पण सांगतेच, बाळाचा हात थेट पीओपीत कधीही घालू नका. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने दोन्ही हात त्यात ठेवले आणि भाजून बोटं गेली.

साखरझोप:
बाप रे. नाही नाही, पीओपी फक्त खळग्यात, तेव्हा पाय कधीच बाहेर होता. हवेचे फुगे राहिले त्यामुळे टाचेवर चामखिळीसारखे दोन दाणे आलेत आणि साचा सोलताना करंगळी तुटली, फेविकॉलने लावली. तळव्यावरच्या रेघा मात्र सगळ्या आल्यात, जिथे मोजा रुतला होता ती खूण पण!

खिळेजुळारी:
मला वाटतं नाम शोधताय म्हणून अडलंय, क्रियापद बघा. मराठीत नाणी पाडतात, विटा पाडतात, वड्याही पाडतात, एका मापाच्या पुष्कळ वस्तू करायच्या की 'पाडणे'. पण 'बाळाचे पाय पाडले' लिहून बघा, सासूबाई पहिल्या गाडीने येतील.

उंबरठा:
😂😂 मग ओतणेच. ओतारी लोक मेणाची मूर्ती करून त्यावर माती लिंपतात, भाजताना मेण वितळून जातं, त्या पोकळीत धातू ओततात आणि शेवटी माती फोडतात. साचा एक, वस्तू एक. ताईंनी केलं ते याच जातीचं, फक्त मेणाच्या जागी खरा पाय, आणि तो वितळायच्या आत काढून घेतला म्हणायचा. ओतीव पावलं म्हणा.

पेणवाला:
ओतीव चालेल. 'प्रतिकृती' नको, ती किल्ल्यांची करतात.

साखरझोप:
'ओतीव पावलं' लिहून पाठवलं. सासूबाईंचा लगेच फोन, 'पितळेत का?'