‘अर्बन स्प्रॉल’ला काय म्हणावे? आणि रस्त्यांच्या ‘कनेक्टिव्हिटी’ला?

मूळ प्रश्न

नगररचनेवरचा एक लेख मराठीत आणतोय. विषय असा: शहर किती ‘स्प्रॉल’ झालंय हे त्याच्या रस्त्यांच्या ‘कनेक्टिव्हिटी’वरून मोजायचं. पहिल्या शब्दाला ‘नागरी विस्तार’ आणि दुसऱ्याला ‘संलग्नता’ असं लिहून पाहिलं. वाक्य तयार झालं: ‘रस्त्यांच्या संलग्नतेवरून नागरी विस्ताराचे मापन.’ तीनदा वाचलं, मलाच काही कळलं नाही. काही सुचतंय का?

प्रतिसाद १

‘विस्तार’ इथे चालणार नाही. विस्तार म्हणजे नुसतं मोठं होणं, त्यात गैर काहीच नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ हातपाय फेकून आडवं होणं असा आहे. त्याला आपल्याकडे सख्खा शब्द आहे: पसरणे. त्यावरून ‘पसारा’. घर मोठं असलं म्हणून पसारा होत नाही आणि एका खोलीतही पसारा होऊ शकतो. किती जागा व्यापली यापेक्षा कशी व्यापली, हे पसाऱ्यात येतं. ‘शहरी पसारा’ लिहा.

प्रतिसाद २

पसारा हा शेरा झाला, संज्ञा नव्हे. आई खोलीत डोकावून ‘काय हा पसारा!’ म्हणते तो सूर शास्त्रीय लेखात कशाला? ‘फैलाव’ बरा.

प्रतिसाद १

फैलाव रोगाचा होतो, तोही शेराच की! आणि इंग्रजी शब्द कुठे तटस्थ आहे? कौतुकाने तो कोणी वापरलेला मी तरी वाचला नाही. मूळ शब्दाला नाक मुरडायचं असेल तर भाषांतरानेही मुरडावं.

प्रतिसाद ३

नकाशांचं काम करतो, म्हणून आधी वस्तू काय आहे ते सांगतो. मग शब्द ठरवणं सोपं जाईल.

पसारा मोजायची जुनी रीत म्हणजे घनता: एका चौरस किलोमीटरमध्ये माणसं किती. पण हद्द कुठे धरली यावर तो आकडा डोलतो. शिवाय वस्ती दाट असूनही सगळ्यांना एकाच फाटकातून बाहेर पडावं लागत असेल, तर घनता ते सांगत नाही. रस्ते सांगतात. इमारत पाडून नवी बांधता येते, पण एकदा आखलेला रस्ता सहसा हलत नाही. दोन्ही बाजूंना मालकी हक्क उभे राहिलेले असतात.

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी हे मोजमाप आधी अमेरिकेसाठी केलं. 2015 साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की तिथे नव्या रस्त्यांची तुटकता विसाव्या शतकात बराच काळ वाढत गेली, 1994 च्या आसपास शिखराला पोहोचली आणि मग उतरू लागली. 2020 मध्ये त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) आणि उपग्रहांवरून मिळालेली वस्तीवाढीची माहिती जोडून सगळ्या जगाचा हिशोब मांडला. सर्वाधिक लोकसंख्येचे 134 देश घेतले, तर त्यांपैकी 90 टक्के देशांत 1975 नंतरच्या नव्या वस्त्यांमधले रस्ते एकमेकांना कमी कमी जोडलेले होत गेले. 2000 नंतर सुधारणेचा कल दिसला तो फक्त 29 टक्के देशांत.

आता एक सापळा. त्यांचा निर्देशांक जोडणीचा नाही, जोडणीच्या अभावाचा आहे. आकडा मोठा म्हणजे स्थिती वाईट. ‘संलग्नता निर्देशांक’ असं नाव दिलंत तर वाचक नेमका उलटा अर्थ घेईल.

प्रतिसाद ४

मग ‘तुटकता निर्देशांक’ असंच म्हणा ना, वर तुम्ही सहज लिहून गेलात तसं. ‘तुटक’ ऐकलं की ते मोठं असणं चांगलं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

तुटकता घेतली! पण मोजतात नेमकं काय? लेखात दर नाक्यामागे सरासरी ‘डिग्री’ असं आहे. पदवी तर नव्हे ना?

प्रतिसाद ३

नाही. 😀 एका नाक्यावरून किती वाटा फुटतात ती संख्या. बंद रस्त्याच्या टोकाला 1, तिठ्याला 3, चौकाला 4. तिठे-चौक जास्त आणि टोकं कमी, तर सरासरी वर जाते.

समजा चार बाय चारची जाळी आहे. नाके 16, त्यांना जोडणारे तुकडे 24. आता कुठूनही कुठेही जाता येईल एवढं राखून जास्तीत जास्त तुकडे काढून टाका. 15 उरतील, त्याहून कमी करता येणार नाहीत. उरतं ते झाड: एक खोड, त्याला फांद्या, फांदीच्या टोकाला घर. जे नऊ तुकडे गेले ते नऊ पर्याय होते. जाळीत एक रस्ता खोदून ठेवला तर माणूस पुढच्या गल्लीतून जातो. झाडात एक फांदी अडली की पलीकडचे सगळे अडकले.

प्रतिसाद ५

उगाच खुसपट काढतोय, पण जाळीच्या चार कोपऱ्यांवर दोनच वाटा मिळतात. तो नाका कसा? ते तर वळण.

प्रतिसाद ३

खुसपट बरोबर आहे. मोजताना दोन वाटांचे बिंदू गाळतातच, नाहीतर नागमोडी रस्त्याचं प्रत्येक वळण नाका ठरेल. कोपरे गाळले की नाके 12, तुकडे 20, सरासरी तीनच्या थोडी वर. गंमत म्हणजे पर्याय मात्र तेव्हाही नऊच राहतात.

प्रतिसाद ४

आणि भाषेनेही तेच केलंय! तीन वाटा मिळतात तो तिठा किंवा तिकटी, चार मिळतात तो चौक किंवा चव्हाटा. दोन वाटा मिळाल्या तर त्या जागेला वेगळं नाव द्यावंसं आपल्याला वाटलं नाही, नुसतं वळण म्हणून सोडून दिलं. तेव्हा ‘डिग्री’साठी सरळ ‘वाटसंख्या’ वापरावं. गणिताच्या पुस्तकातला शब्द नको, आणि अशा जाळ्याला त्या शास्त्रात म्हणतात तो ‘आलेख’ तर मुळीच नको. त्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांपुढे शेअर बाजाराची चढती-उतरती रेघ येते.

मूळ प्रश्नकर्ता

टोक बंद असलेल्या रस्त्याला काय? लेखात ‘कल-द-सॅक’ आहे, त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ पिशवीचा तळ आहे म्हणे. मी ‘बोळ’ लिहिलंय.

प्रतिसाद १

बोळ अरुंद असतो, बंद असेलच असं नाही. उलट चांगला बोळ दुसऱ्या बाजूला निघतो, म्हणून तर त्यातून जायचं. आपण ‘वाट खुंटली’ म्हणतो. ‘खुंटलेला रस्ता’ म्हणा.

प्रतिसाद ५

खुंटलेल्या रस्त्यांवर सगळं खापर फोडू नका. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये 1929 पासून घरं अशाच रस्त्यांभोवती आहेत, पण त्यांच्या मागून पायवाटा निघतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. गाडीची वाट खुंटते, माणसाची नाही. तेव्हा पायवाटा हिशोबात धरल्या का, हे लेखात शोधा. त्यावर आकडा बदलतो.

प्रतिसाद ३

मान्य. आणखी एक माप येईल तुमच्या लेखात: प्रत्यक्ष चालायचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. त्याला ‘वळसा’ हाच शब्द. चौकोनी जाळीत एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर जाताना वळसा फार तर 1.41 पट होतो, तोही बरोबर कर्णावर जायचं असेल तर. कुंपणबंद वसाहतीत मात्र दोन घरांच्या भिंती लागून असतात आणि एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला किलोमीटरभर फिरावं लागतं. 2020 च्या त्या अभ्यासात अशा खूप वळशाच्या रस्तेरचनेचं प्रमाण 1975 पासून जवळपास दुप्पट झालेलं दिसतं.

प्रतिसाद २

पसाऱ्यावर मी हरलो, पण ‘कनेक्टिव्हिटी’ राहिलीच. तो शब्द मराठी बातम्यांत रोज असतो, तसाच ठेवा.

प्रतिसाद ४

असतो, पण वेगळ्या अर्थाने. बातमीत कनेक्टिव्हिटी म्हणजे अमुक भागाला महामार्ग आला, मेट्रो आली. इथे बोलणं चाललंय ते आतल्या गल्ल्या एकमेकींना मिळतात का याचं. दाराशी महामार्ग आणि आत सगळे रस्ते खुंटलेले, असं सर्रास असतं. बातमीच्या भाषेत त्या जागेची कनेक्टिव्हिटी उत्तम आणि या लेखाच्या भाषेत टाकाऊ! ‘वीण’ कसा वाटतो? रस्त्यांची वीण घट्ट, वीण सैल. विणकामात एकच धागा बाहेर लोंबला तर त्याला वीण म्हणत नाहीत.

प्रतिसाद १

वीण छान. आणि लेखात ‘पाथ डिपेंडन्स’ आलं असेल, म्हणजे जी शहरं आधीपासून तुटक ती पुढेही तुटकच वाढतात वगैरे, तर त्याला ‘पायंडा’ लिहा. रस्त्यांच्या लेखात याहून चपखल काय मिळणार!

मूळ प्रश्नकर्ता

आलंय, आणि मी ‘मार्गावलंबित्व’ लिहून मोकळा झालो होतो. खोडलं. नवं वाक्य पाहा: ‘शहराचा पसारा त्याच्या रस्त्यांची वीण किती तुटक आहे यावरून मोजता येतो.’

प्रतिसाद ५

वीण तुटक नसते, उसवलेली असते. की सैल?

मूळ प्रश्नकर्ता

उसवायला आधी विणलेली असावी लागते. हे रस्ते मुळातच सुटे टाकलेत. ‘सैल’ करतो, तुटकता निर्देशांकापुरती ठेवतो.