पेट्रोलचा पाणी उपसायचा पंप चालूच होत नाहीये, पाऊस तोंडावर आलाय

नौपाडेकर
नमस्कार मंडळी, आमची सोसायटी ठाण्यात चिखलवाडीच्या बाजूला, जुनी बिल्डिंग, पार्किंग रस्त्याच्या खाली, मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी मीटर रूमच्या पायरीला लागतं. तेव्हा लाईट बंदच करावी लागते म्हणून पेट्रोलवरचा दोन इंची पंप घेतलाय. गेल्या पावसाळ्यापासून तसाच झाकून होता, टाकीत अर्धं पेट्रोल. आता चोक लावून दोरी ओढली की भुर्र करतो, चोक काढला की लगेच बंद. प्लग नवीन टाकून झाला. टाकीला वार्निशसारखा वास येतोय. मेकॅनिक म्हणतो अख्खा कार्बोरेटर बदला. खरंच बदलायचा का? आणि आमचा पाईप छोटा आहे, पंप खाली पार्किंगमध्येच ठेवून चालवला तर चालेल का?

ऐरोली_गॅरेज
दादा बदलायची घाई नका करू, पेट्रोल शिळं झालंय. आता मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा, महिनोन्महिने पडून राहिलं की इथेनॉल आणि पाणी तळाला जाऊन बसतं आणि वरचं पेट्रोल उडून मागे चिकटा राहतो. चोकवर चालतो आणि चोक काढला की मरतो म्हणजे बहुतेक मेन जेटच, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, बुजलाय.
पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरखालचा बाऊल काढा, बऱ्याच पंपांना तिथे १० नंबरचा पाना लागतो. तळाला पांढरट हिरवट थर दिसेल. मधला पितळी जेट स्क्रू ड्रायव्हरने काढून उजेडाकडे धरा, भोकातून आरपार दिसलं पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, अगदीच अडलं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार फिरवा, शिवणाची सुई नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पिणार. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका पण गटारात नका ओतू, गॅरेजवाल्याला द्या. ऑइलची लेव्हल पण बघा, बऱ्याच पंपांत ऑइल कमी असलं की सेन्सर स्पार्कच देत नाही.

नेरूळची_ताई
पार्किंगमध्ये अजिबात नको!! कृपा करून वॉचमन काकांना आजच सांगा. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, डोकं दुखायला लागतं, चक्कर येते आणि माणूस तिथेच पडतो, दार खिडक्या उघड्या असल्या तरी भरवसा नाही. पंप बाहेर उघड्यावर ठेवा आणि पाईप वाढवा. ओढणारा पाईप स्प्रिंगवाला कडक हवा, मऊ असला की चिपकतो, फेकणारा चपटा चालतो. चालू करण्याआधी पंपाच्या पोटात पाणी भरायचं, कोरडा फिरला की सील जळतं.
पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार झालेलं, कितीही घाई असली तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचून राहते, त्यामुळे कॅन मीटर रूममध्ये नको. बिसलेरीच्या बाटलीत तर मुळीच नको, कायद्याप्रमाणे घट्ट झाकणाचा धातूचा कॅन लागतो, तोही २५ लिटरपर्यंतचा, आणि लायसन्सशिवाय एकूण ३० लिटरच्या वर ठेवता येत नाही.

कोपरी_पूर्व
माझा भाऊ कॅनडात असतो, त्याच्याकडे बर्फ फेकायचा स्नो ब्लोअर आहे, इंजिन साधारण असंच. तो बर्फाचा सीझन संपला की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब राहत नाही. तुम्ही दसऱ्याच्या सुमारास हेच करा. अजून एक, तिकडे बर्फ अडकला की इंजिन बंद करून काठीनेच काढतात, बंद केल्यावरही आतलं पातं एकदम झटका देऊन फिरू शकतं आणि बोटं जातात. तुमच्या पंपाच्या जाळीत पिशव्या अडकणारच, तेव्हा आधी इंजिन बंद, मग हात.

नौपाडेकर
धन्यवाद सगळ्यांना. बाऊलमध्ये खरंच हिरवा थर होता, जेट अर्धा बंद. साफ करून ताजं पेट्रोल घातलं, आता चोक काढूनही चालतोय. स्प्रिंगवाला लांब पाईप मागवलाय, पंप गेटबाहेरच्या ओट्यावर राहील. ताई, कॅनचं कमिटीच्या ग्रुपवर टाकलंय.

ऐरोली_गॅरेज
मस्त. आता इंजिन कोमट असतानाच ऑइल बदलून घ्या, घाण पटकन निघते. आणि टेस्टिंग पाण्याच्या ड्रमवरच करा, कोरडं नको.