पीसी/एबीएसचे पार्ट ठिसूळ होताहेत, पापुद्रा सुटतोय. सल्ला हवा

भोसरीकर: भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. पीसी/एबीएसचं (पॉलीकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लास्टिकचं मिश्रण) हाउजिंग, म्हणजे बाहेरचं कवच, साच्यात नीट भरत नव्हतं म्हणून बॅरल (माल वितळवणारी नळी) २५० वरून २७५ अंशांवर नेला. आता भरतं, पण क्लिप दाबली की तुटते आणि गेटजवळ (रस साच्यात शिरतो त्या तोंडाशी) पापुद्रा सुटतो. दाणे तेच, लॉटही तोच. माल जळतोय का? कुठली चाचणी करून घेऊ?

चाकण_मोल्डर: दादा, आधी ड्रायर बघा. ९० अंशांच्या आसपास तीन-चार तास, ओलावा ०.०२ टक्क्यांच्या आत हवा. ओला माल तापला की पीसीच्या रेणूंच्या लांब साखळ्या पाण्याने तुटतात. पार्टवर रुपेरी रेघा दिसतात का?

भोसरीकर: रेघा नाहीत. ड्रायर नवा आहे.

पॉलिमरवाली: मग मला आतल्या घडणीवर, म्हणजे दोन प्लास्टिक एकमेकांत कसे पसरलेत त्यावर, संशय आहे. पीसी आणि एबीएस पूर्ण विरघळून एक होत नाहीत. पीसी जास्त असेल तर त्यात एबीएसचे बारीक थेंब विखुरलेले असतात, आणि ते बारीक राहतात तोवरच पार्ट चिवट. तापमान वाढलं की रस पातळ होतो, थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात. त्यात पीसी एबीएसपेक्षा झपाट्याने पातळ होतो, म्हणजे दोघांच्या घट्टपणाचं गणितच बदलतं. गेटमधून जोरात जाताना हे मोठे थेंब ताणून चपटे होतात, थंड साच्याला लागून तसेच गोठतात. तोच तुमचा पापुद्रा. शिवाय एबीएसमधलं रबर उष्णतेत ऑक्सिजनने खराब होतं, ते वेगळंच.

पण २७५ हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. माल आत किती वेळ राहतो? शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) आणि मशीन सांगा.

भोसरीकर: शॉट ३० ग्रॅम, बॅरलमध्ये साधारण ४०० ग्रॅम माल, सायकल ४५ सेकंद.

पॉलिमरवाली: म्हणजे १० मिनिटं! एवढ्या तापमानाला हे फार झालं. लहान मशीनवर घ्या, बॅरल परत २५० ला आणा आणि भरण्यासाठी साचा गरम करा, ७०-८० अंश. गेटही थोडं मोठं करता येतं का बघा.

चाचणी म्हणाल तर आधी स्वस्तातली: दाण्यांचा आणि तुटलेल्या पार्टचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा), दोन्ही नीट सुकवून, एकाच तापमानाला आणि वजनाला. पार्टचा बराच वाढला तर साखळ्या तुटल्यात. फारसा बदलला नाही तरच एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आतली घडण बघण्याचा) खर्च करा. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तोडायला सांगा, नाहीतर थेंब ओढले जातात आणि फोटो फसवतो. पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) चौकशी करा.

चाकण_मोल्डर: क्रशरचा माल (वाया गेलेले पार्ट दळून परत वापरलेला) किती टाकता? तो या उष्णतेतून एकदा गेलेला असतो. आणि बॅरलमध्ये आधीचं पीपी (पॉलीप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) राहिलं असेल तरी पापुद्रा सुटतो. चांगलं परजिंग करून (बॅरलमधला जुना माल पूर्ण बाहेर काढून) मगच नमुने काढा.