प्रतिसाद: ‘लोकल’ आहे म्हणून पॅच लांबवू नका

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सापडलेल्या त्रुटीवरच्या या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय की ती ‘लोकल’ आहे, म्हणजे ती वापरायला आधी मशीनवर लॉगिन हवं, आणि फार तर कर्नल कोसळेल, डेटा चोरीला जाणार नाही. म्हणून पॅच, म्हणजे दुरुस्ती, सावकाश टाकला तरी चालेल. एकट्याच्या लॅपटॉपपुरतं हे मला पटतं. सर्व्हरसाठी अजिबात नाही.

कंटेनरचंच घ्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर (होस्टवर) एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेल्या प्रोग्रॅमचं. एका होस्टवरचे सगळे कंटेनर एकच कर्नल वापरतात. त्यातल्या एकातून रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) नसलेला यूजर कर्नल पॅनिक घडवू, म्हणजे कर्नलच कोसळवू, शकला, की बाकीचे सगळे त्याच क्षणी बंद. सी-ग्रूपच्या मर्यादा (कोणत्या कंटेनरने मशीनचा किती वाटा वापरायचा त्या) फोर्क बॉम्ब, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत सुटणारा प्रोग्रॅम, अडवतात, कर्नलच्या कोडमधली चूक नाही. आणि वेब ॲप्लिकेशनमधल्या एखाद्या भोकातून कोड चालवता आला, की ‘लॉगिन हवं’ ही अटही उरत नाही.

शिवाय ‘फक्त क्रॅश’ हे निदान नेहमी टिकतंच असं नाही. लिनक्समधली २००९ सालची सॉक_सेंडपेज या कर्नलमधल्या फंक्शनची त्रुटी आठवा (त्रुटींच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२००९-२६९२). वरवर पाहता साधी नल पॉइंटरची चूक, म्हणजे कर्नलने चुकून मेमरीतला शून्य पत्ता वापरणं. पण त्या शून्य पत्त्यावर हल्लेखोराला स्वतःचं मेमरीचं पान मॅप करता, म्हणजे बसवता, आलं, की कर्नल तिथला कोड आपल्या अधिकाराने चालवायचा आणि त्याला थेट रूट मिळायचं! २००१ पासूनच्या आवृत्त्यांत ती चूक पडून होती.

रीबूटची वेळ ठरेपर्यंत निदान दोन गोष्टी करा: एमएमॅप_मिन_ॲड्र (प्रोग्रॅमला मॅप करता येणारा सर्वांत खालचा पत्ता ठरवणारी सेटिंग) शून्य नाही ना ते बघा, आणि त्रुटी असलेलं मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडायचा भाग) लागत नसेल तर ते लोडच होणार नाही अशी सोय करा.